सीताबर्डीचे पदक



सीताबर्डी म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे प्रथम बाजार उभा राहतो. कापडाची दुकाने, फूटपाथवरील गर्दी, टेकडीचा गणपती आणि आता डोक्यावरून जाणारी मेट्रो, ही आपली बर्डी. किल्ला मात्र आपण रोज पाहतो आणि रोज विसरतो. तो सैन्याच्या ताब्यात असतो, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा राष्ट्रीय दिवशी लोकांसाठी उघडतो, त्या दिवशी मुलाबाळांना घेऊन आपण वर जातो आणि वरून शहर कसे दिसते ते पाहून खाली उतरतो. या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी जी लढाई झाली, तिच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती लढाई पुन्हा एकदा सांगण्यासाठी मी आज उभा नाही. त्या लढाईतून निघालेली एक लहानशी वस्तू मी आपल्यापुढे ठेवणार आहे. चांदीची, रुपयापेक्षा थोडी मोठी, व्यास सुमारे ३५ मिलिमीटर. तिच्या वर फिकट निळी फीत, आणि त्या फितीवर चांदीची एक आडवी पट्टी. त्या पट्टीवर आपल्या बर्डीचे नाव इंग्रजी अक्षरांत कोरलेले आहे.

हे पदक १८५१ साली देण्यात आले. म्हणजे लढाईनंतर तब्बल चौतीस वर्षांनी. ते ज्यांना मिळायचे होते, त्यांत नागपूरच्या रेसिडेंटाच्या मानाच्या पहाऱ्यातले शिपाईही होते. हा मानाचा पहारा म्हणजे काय, तो लढाईत कसा ओढला गेला, त्याची आठवण धातूवर कोणी कोरली आणि कोणाची कोरली नाही, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान आहे, पण त्याच्या पोटात असलेला प्रश्न लहान नाही. सन्मानाची खूण देणारा एक असतो, घेणारा दुसरा असतो, आणि ती न मिळालेला तिसरा असतो. इतिहासात आपण बहुधा पहिल्या दोघांकडेच पाहतो.

इतमामाची तुकडी

१८१६ च्या मे महिन्यात नागपूरच्या भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. दुसरे रघूजीराजे त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वारले होते. त्यांचे पुत्र परसोजी राज्य चालविण्यास असमर्थ होते, आणि कारभार हाती असलेल्या आप्पासाहेबांना दरबारातील प्रतिपक्षाविरुद्ध आधार हवा होता. पुढे १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजींचा मृत्यू झाला, तो घातपाती होता, आणि आप्पासाहेब गादीवर आले. दरबारात इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, रिचर्ड जेन्किन्स हा होता. सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पश्चिमेला त्याची रेसिडेन्सी होती.

प्रत्येक रेसिडेंटापाशी एक इतमामाची तुकडी असे. नागपूरच्या रेसिडेंटापाशी बंगालच्या पायदळातील दोन कंपन्या होत्या, आणि त्यांचा नायक कॅप्टन विल्यम लॉइड हा होता. या तुकडीचे काम काय? दारावर उभे राहणे, साहेब दरबाराला निघाला की पुढेमागे चालणे, पाहुणा आला की बंदुकीने सलामी देणे. आपल्याकडे राजाच्या स्वारीपुढे चोपदार, भालदार आणि निशाणाचा हत्ती असे, तसाच हा प्रकार. शोभा हेच तिचे प्रयोजन. परंतु परक्या दरबारात शोभा ही नुसती शोभा राहत नाही. दारावर उभा असलेला तो लाल डगल्याचा शिपाई आपल्या शिस्तीने रोज राजाला सांगत असतो की माझ्या पाठीमागे कोण आहे ते लक्षात ठेव.

भोसल्यांच्या बाजूलाही मानचिन्हांचा असाच अर्थ होता, आणि गंमत अशी की सीताबर्डीच्या लढाईला तोंड लागले तेच एका मानचिन्हावरून. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई जुंपली होती. अशा वेळी बाजीरावाने आप्पासाहेबांकडे सेनापतिपदाची वस्त्रे आणि जरीपटका पाठविला. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी मोठ्या समारंभाने ती वस्त्रे अंगावर घेतली. जेन्किन्सलाही बोलावणे होते. तो गेला नाही. जो पेशवा इंग्रजांशी लढत आहे त्याच्या हातची वस्त्रे घेणे म्हणजे आपल्याशी वैर पत्करणे होय, असा त्याने अर्थ लावला, आणि तो अर्थ चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. वस्त्र, पटका, पदक या वस्तू बोलतात. त्यांचे बोलणे ऐकून माणसे तलवारी उपसतात.

दोन टेकड्या, एक रात्र

सीताबर्डीला दोन टेकड्या आहेत, एक मोठी आणि तिच्या उत्तरेला एक लहान. २५ तारखेला शहराचा आणि रेसिडेन्सीचा व्यवहार बंद पडला, आणि इंग्रजांनी आपली फौज या दोन टेकड्यांवर आणली. सेनापती कर्नल स्कॉट. फौज किती? मद्रासच्या पायदळाच्या विसाव्या आणि चोविसाव्या रेजिमेंटची एकेक पलटण, बंगालच्या सहाव्या रिसाल्याचे तीन तुकड्यांचे स्वार, थोडा तोफखाना, मद्रासच्या गव्हर्नराच्या अंगरक्षक दलातील काही स्वार, आणि रेसिडेंटाचा तो मानाचा पहारा. सारे मिळून तेराशे-चौदाशे. समोर भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या घरात होती असे इंग्रज लेखक सांगतात, आणि तिच्यात तीन-चार हजार अरब होते. गणपतराव सुभेदार आणि मनभट हे तिचे प्रमुख सरदार.

२६ तारखेला सूर्यास्ताच्या सुमाराला गोळी सुटली. रात्रभर लढाई चालली. सर्वांत अधिक मारा लहान टेकडीवर होता. तिथे चोविसाव्या पलटणीचे शिपाई होते. त्यांचा अधिकारी कॅप्टन सॅडलर तिथेच पडला. पहाटे पाचच्या सुमारास ही थकलेली आणि निम्मी-अर्धी उरलेली पलटण मोठ्या टेकडीवर परत घेण्यात आली, आणि तिच्या जागी लहान टेकडीवर कोणाला पाठविले? रेसिडेंटाच्या मानाच्या पहाऱ्याला. काल-परवापर्यंत दरवाज्यावर सलामी देणारे हे शिपाई आता त्या रात्रीच्या सर्वांत कठीण जागेवर उभे होते.

सकाळी नवाच्या सुमारास लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्या गोंधळात अरब वर चढले, टेकडी त्यांच्या हाती गेली, आणि तिथली तोफ त्यांनी मोठ्या टेकडीकडे वळविली. लढाईचा निकाल लागल्यासारखा दिसत होता. अशा वेळी खालच्या मैदानात कॅप्टन फिट्झजेराल्ड आपले तीन तुकड्यांचे स्वार घेऊन उभा होता. हल्ल्याची परवानगी त्याने मागितली होती आणि ती त्याला मिळाली नव्हती. परवानगीवाचून चाल केलीस तर जबाबदारी तुझी, असे उत्तर आले. ती जबाबदारी घेऊन त्याने घोडे घातले. भोसल्यांचे स्वार उधळले, त्यांच्या तोफा त्याने घेतल्या, आणि ते दृश्य वरून पाहून टेकडीवरच्या पायदळाला पुन्हा धीर आला. लहान टेकडी त्यांनी परत मिळविली. दुपारपर्यंत लढाई संपली. इंग्रजांकडील साडेतीनशेंहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली होती, म्हणजे चारांत एक. रेसिडेंटाचा पहिला मदतनीस जॉर्ज सोदबी हाही मेला. कॅप्टन लॉइड जखमी झाला, पण जगला.

पुढची कथा आपल्याला ठाऊक आहे. डोव्हटनची फौज आली, १६ डिसेंबरला नागपूरपाशी दुसरी लढाई झाली, आणि आप्पासाहेबांचा पक्ष मोडला. शहरातले अरब मात्र हटले नाहीत. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे महालातल्या आपल्या आजच्या गांधी गेटवर, इंग्रजांनी चढविलेला हल्ला त्यांनी परतवून लावला. शेवटी महिन्याच्या अखेरीस बोलणी होऊन ते आपली बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन शहराबाहेर पडले. १८१८ च्या जानेवारीतील तहाने सीताबर्डीच्या टेकड्या इंग्रजांकडे गेल्या आणि त्यांवर किल्ला उभा राहिला. म्हणजे ज्या किल्ल्याला आपण त्या लढाईचा किल्ला म्हणतो, तो लढाईच्या वेळी नव्हता. तो लढाईचे फळ आहे.

एका आकड्यासाठी

आता पदकाकडे वळण्यापूर्वी एक हकिगत सांगितली पाहिजे, कारण शिपायाला सन्मान म्हणजे काय वाटत होते ते तिच्यातून जितके कळते तितके पदकावरून कळत नाही.

लहान टेकडीवर रात्रभर झुंजलेली जी चोविसावी पलटण, ती मूळची चोविसावी नव्हे. ती मद्रासच्या पहिल्या रेजिमेंटमधली. १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात मद्रासच्या शिपायांनी बंड केले. कारण काय घडले होते? नव्या तऱ्हेची पगडी घालण्याचा हुकूम निघाला होता. कपाळावर गंध-भस्म लावून कवायतीला यायचे नाही, दाढी ठेवायची नाही, मिशा ठराविक मापाच्या ठेवायच्या, असेही हुकूम होते. टिपूची मुले त्या किल्ल्यात होती ही गोष्टही खरीच, परंतु ठिणगी पडली ती डोक्यावरच्या आणि कपाळावरच्या खुणेवरून. बंड मोडले, आणि शिक्षा म्हणून पहिल्या व तेविसाव्या रेजिमेंटचे आकडेच सैन्याच्या यादीतून पुसून टाकण्यात आले. त्यांची नवी मांडणी झाली ती चोविसावी आणि पंचविसावी म्हणून.

बाहेरच्या माणसाला वाटेल, आकडा बदलला तर काय बिघडले? पगार तोच, बंदूक तीच. परंतु पलटणीचा आकडा म्हणजे तिची अब्रू. पहिली म्हणून जन्मलेली पलटण शेवटाकडच्या रांगेत नेऊन उभी केली, हा डाग अकरा वर्षे ती बाळगीत होती. सीताबर्डीच्या लढाईनंतर तिला काय बक्षीस हवे असा प्रश्न आला, तेव्हा तिने जुना आकडा आणि गणवेशाचा जुना रंग मागितला. ती विनंती मान्य झाली आणि चोविसावी पलटण पुन्हा पहिली झाली.

या हकिगतीत मला एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या सरकारने कपाळावरची खूण पुसायला सांगितली म्हणून ही माणसे उठली, त्याच सरकारकडून मिळालेली एक खूण परत मिळावी म्हणून ती एका रात्रीत निम्मी झाली. याला स्वामिनिष्ठा म्हणावे, की पोटाची नोकरी म्हणावे, की या दोन्हींहून वेगळी अशी पलटणीतल्या पलटणीत वाढणारी भाऊबंदकीची अब्रू म्हणावे? मला तिसरे उत्तर अधिक खरे वाटते. शिपाई झेंड्यासाठी लढतो हे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो शेजारी उभ्या असलेल्या माणसापुढे आपली मान खाली जाऊ नये म्हणून लढतो.

पदकाच्या दोन बाजू

कंपनी सरकारने हिंदी शिपायांना पदके देण्याची रीत सीताबर्डीच्या आधीच सुरू केली होती. १७८४ चे दख्खनचे पदक हे त्यांतले पहिल्या पहिल्यांपैकी. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात आणि म्हैसूरच्या लढायांत बंगालहून जे शिपाई आले त्यांच्यासाठी ते होते. पाठीवर फारसी लेख होता, आणि ते गळ्यात पिवळ्या दोरीने बांधीत. त्यात वरच्या हिंदी अधिकाऱ्यांना सोने आणि शिपायांना चांदी. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, तेव्हाचे पदक तर पाच धातूंत निघाले. सेनापतींना सोन्याचे, मोठ्या अधिकाऱ्यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे, लहान अधिकाऱ्यांना चांदीचे, हवालदार वगैरेंना तांब्याचे, आणि साध्या शिपायाला कथलाचे. त्यावर सिंह वाघाला लोळवीत आहे असे चित्र होते. वाघ हे टिपूचे चिन्ह होते, तेव्हा चित्राचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

१८५१ चे पदक याहून वेगळे होते. दुसऱ्या मराठा युद्धापासून ब्रह्मदेश आणि भरतपूरपर्यंत ज्या लढाया झाल्या, त्या सर्वांसाठी मिळून ते एकच पदक. लढाई कोणती ते फितीवरच्या पट्टीने कळायचे, आणि अशा पट्ट्या एकंदर एकवीस होत्या. त्यांतल्या किती आपल्या भूमीवरच्या आहेत पाहा: असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड, खडकी, पुणे, कोरेगाव, महिदपूर आणि नागपूर. आपल्या शहराला तर तीन पट्ट्या मिळाल्या. जो फक्त टेकडीवर लढला त्याला सीताबर्डीची. जो फक्त १६ डिसेंबरच्या लढाईत होता त्याला नागपूरची. आणि जो दोन्हींत होता त्याला दोन्ही नावे एकत्र असलेली. जुम्मा दरवाज्यावर फसलेल्या हल्ल्याची स्वतंत्र पट्टी अर्थातच नाही. पराभवाची पट्टी कोणी पाडीत नाही.

पदकाचा ठसा कोरला तो विल्यम वायन याने. लंडनच्या टांकसाळीचा तो मुख्य कोरीव कारागीर होता, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तो वारला. त्याचे नाव आपण ऐकलेले नसेल, पण त्याचे काम आपल्या पणजोबांच्या हातून रोज जात होते. जगातील पहिल्या टपाल तिकिटावर राणी व्हिक्टोरियाचा जो चेहरा आहे, तो त्याने कोरलेल्या एका पदकावरून घेतला आहे. कंपनीच्या १८४० च्या रुपयावरचा राणीचा चेहराही त्याचाच. भोसल्यांचा नागपुरी रुपया मागे पडून कंपनीचा रुपया आपल्या बाजारात रुळला, तेव्हा म्हाताऱ्या शिपायाच्या छातीवरचा चेहरा आणि वाण्याच्या गल्ल्यातला चेहरा एकाच हातचा होता.

पदकाच्या दर्शनी बाजूला ती राणी आहे, जी सीताबर्डीच्या लढाईच्या वेळी जन्मलेलीही नव्हती. मागच्या बाजूला विजयदेवी बसलेली आहे. तिच्या हातांत डहाळी आणि माळ, शेजारी ताडाचे झाड आणि कमळ. ताड आणि कमळ दाखविले की हिंदुस्थान झाला, अशी लंडनच्या कारागिराची समजूत. वर हिंदुस्थानच्या सैन्याला अर्पण अशा अर्थाचे शब्द, आणि खाली १७९९ ते १८२६ हे सनावळीचे आकडे. यात एक मौज आहे. पट्ट्यांपैकी सर्वांत जुनी पट्टी १८०३ ची आहे. १७९९ च्या एकाही लढाईची पट्टी या पदकावर नाही. कागदावर चूक झाली तर ती खोडता येते. ठशात झालेली चूक हजारो छात्यांवर जाते.

कडेवरचे नाव

राणी एकीकडे आणि विजयदेवी दुसरीकडे. मग शिपाई कुठे आहे? तो कडेवर आहे. पदकाच्या जाडीवर, बोटाने चाचपून पाहावे लागेल अशा जागी, त्याचे नाव आणि त्याची पलटण आहे. गोऱ्यांची नावे सामान्यतः ठोकून छापलेली. हिंदी शिपायांची बहुधा हाताने कोरलेली. लिपी रोमन. ज्याचे नाव त्याला ते वाचता येत नसेलही. उत्तर हिंदुस्थानातले किंवा तामीळ-तेलुगू मुलखातले नाव इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे कोरले गेले. तरीसुद्धा श्रीरंगपट्टणाचा कथील पुरस्कार आणि हे पदक यांत मोठे अंतर आहे, हे मान्य केले पाहिजे. येथे अधिकाऱ्याला आणि शिपायाला धातू एकच मिळाला, चांदी. आणि प्रत्येकाचे नाव त्याचे त्याला मिळाले.

पण कोणाला? येथे या पदकाचा खरा उणेपणा आहे. ते फक्त हयात असलेल्यांना मिळाले. सॅडलरला नाही, सोदबीला नाही. आणि त्या रात्री लहान टेकडीवर जे शिपाई पडले त्यांच्या मुलाबाळांनाही नाही. १८१७ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ ला चौपन्न वर्षांचा झाला असेल, तीस वर्षांचा असलेला चौसष्टांचा. त्या काळचे आयुर्मान लक्षात घ्या, आणि चौतीस वर्षे पावसापाण्यात, तापात आणि दुसऱ्या लढायांत काढून मग कितीजण उरले असतील याचा विचार करा. लॉइड उरला, तो पुढे हिमालयात भटकून आला, सर विल्यम झाला, आणि या पदकाच्या वेळी हयात होता. त्याच्याबरोबर पहाऱ्यावर उभ्या असलेल्यांपैकी पुष्कळांना चांदी मिळाली नाही, कारण ते वाट पाहत थांबू शकले नाहीत.

याच्या शेजारी आपल्याकडची एक जुनी गोष्ट ठेवून पाहण्यासारखी आहे. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनी काय केले ते सभासदाने आपल्या बखरीत सांगितले आहे. जखमी झालेल्यांना जखमेच्या मानाने होन दिले. मोठ्या लोकांना हत्ती, घोडे, कडी, वस्त्रे दिली. आणि जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धे वेतन चालू केले. त्यात मेलेल्याचे नाव कुठे कोरले गेले नाही हे खरे. पण मेलेल्याचे घर विसरले गेले नाही. एका पद्धतीत जिवंताचे नाव चांदीवर राहिले, दुसऱ्या पद्धतीत मेलेल्याची चूल पेटती राहिली. दोन्ही पुरेशा नव्हत्या. पण माझ्यापुरते विचाराल तर मी दुसरीला अधिक मान देईन.

आणि तिसरा? तिसरा तो अरब, ज्याने जुम्मा दरवाजा राखला. तिसरा तो भोसल्यांचा स्वार, जो फिट्झजेराल्डच्या हल्ल्यात मैदानात पडला. कोरेगावला स्तंभावर शिपायांची नावे दगडात आहेत, आणि तेथील महार सैनिकांची नावे वाचायला १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर गेले तेव्हापासून त्या दगडाला निराळाच अर्थ आला. दगड इंग्रजांनी रोवला, पण अर्थ आपल्या लोकांनी दिला. नागपूरच्या बाजूने लढून मेलेल्यांना दगडही नाही आणि चांदीची कडही नाही. जिंकणाऱ्याने आपली नावे कोरली आणि हरणाऱ्याचा राजाच परागंदा झाला. आप्पासाहेब पुढे जोधपूरच्या आश्रयाला राहून १८४० मध्ये वारले. नावे लिहून ठेवणारा दरबारच जेथे उरत नाही, तेथे कडेवर कोणी कोरायची?

आपण कोणाच्या बाजूने?

सीताबर्डीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: टेकडीवरचे शिपाई आपले की परके? प्रश्न विचारणाऱ्याला हो किंवा नाही असे उत्तर हवे असते. मला ते देता येत नाही. टेकडीवर मद्रासचे आणि बंगालचे हिंदी शिपाई होते. टेकडीखाली सर्वांत शर्थीने लढले ते समुद्रापलीकडून आलेले अरब. हिंदी माणूस कंपनीसाठी मेला आणि अरब नागपूरसाठी. त्या काळी राष्ट्र ही कल्पना शिपायाच्या मनात नव्हती. मीठ, पलटण आणि शब्द या कल्पना होत्या. त्या घोडेस्वारांतला एक तरुण अधिकारी हिअरसी हा पुढे १८५७ साली बराकपूरला जनरल होता, आणि मंगल पांडे याच्यासमोर घोडा घालणारा तोच. सीताबर्डीला ज्याच्या पाठोपाठ हिंदी स्वार मरायला धावले, त्याच्यावर चाळीस वर्षांनी हिंदी शिपायाने बंदूक रोखली. त्या चाळीस वर्षांत हिअरसी फारसा बदलला नव्हता. शिपाई बदलला होता.

स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने या बाबतीत एक विचारपूर्वक गोष्ट केली. देशी राजांविरुद्ध इंग्रजांनी मिळविलेल्या विजयांचे जे मान पलटणींच्या निशाणांवर होते, ते यापुढे मिरवायचे नाहीत असे ठरले, आणि सीताबर्डी त्यातच आली. पलटणी मोडल्या नाहीत, त्यांचा इतिहास जाळला नाही; फक्त त्या विजयाचा उत्सव करणे थांबविले. मला वाटते, आपल्या शहरानेही या पदकाकडे याच दृष्टीने पाहावे. त्याची लाज बाळगू नये आणि त्याचा अभिमानही मिरवू नये, ते वाचावे.

आणि स्वतंत्र देशाने सन्मानाची खूण नव्याने घडविली तेव्हा काय केले तेही पाहावे. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र सुरू झाले. ते घडविले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने त्या युरोपातल्या, लग्नाने आणि मनाने आपल्या. मोठे आकारमान नाही, साधारण सीताबर्डीच्या त्या पदकाएवढेच. धातू चांदीही नाही, कांस्य. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे, मागे कमळे. लंडनच्या कारागिराने देश ओळखू यावा म्हणून जे कमळ कोरले होते, ते येथे घरच्या माणसाच्या जागी आले. परंतु सर्वांत मोठा फरक चित्रात नाही. आजवर हे चक्र एकवीस वीरांना मिळाले, आणि त्यांतल्या चौदांना मरणोत्तर. पहिलेच मेजर सोमनाथ शर्मांना, ते पडल्यानंतर. १८५१ च्या पदकाने जो माणूस वगळला होता, त्यालाच या पदकाने सर्वांच्या पुढे उभे केले.

मानाचा पहारा आजही आपल्या दाराशी आहे. १९४९ साली उभी राहिलेली ब्रिगेड ऑफ द गार्ड्स, जिच्या चिन्हावर गरुड आहे आणि जिच्यात जातपातीचा भेद न करता देशाच्या सर्व भागांतील जवान एकत्र घेतले जातात, तिचे केंद्र येथून जवळच, कामठीला आहे. दोन शतकांपूर्वी परक्या वकिलाच्या दारावर उभी राहणारी तुकडी आणि आपल्या प्रजासत्ताकाला सलामी देणारी तुकडी, दोघींची पावले तितकीच नेमकी पडतात. सलामी कोणाला दिली जाते, एवढाच काय तो फरक. पण सारा इतिहास त्या फरकात आहे.

पुढच्या २६ जानेवारीला आपण किल्ल्यावर जाल तेव्हा शहर जरूर पाहा. पण एक क्षण लहान टेकडीच्या दिशेने वळा. त्या पहाटे तिथे उभे असलेले आणि तिथे चढून आलेले, दोन्हीकडचे पुष्कळसे लोक आज निनावी आहेत. त्यांची नावे आपल्याला आता कोरता येणार नाहीत. ती कोरली गेली नाहीत एवढे तरी आपण लक्षात ठेवू या.